आधी प्रश्न, मग पंगत

आमच्या नगरकडच्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, प्रभुभोजनाच्या भाकर-द्राक्षरसाच्या पंगतीला बसायचं तर आधी धर्माची प्रश्नोत्तरी पाठ लागते. प्रश्नही छापलेले, उत्तरंही छापलेली. बुद्धीला त्रास नाही. शाळा मी आठवीतच सोडली, पण प्रश्नोत्तरी झोपेतही म्हणेन. पंगतीला बसायच्या आतच हॉटेलातल्या नोकरीसाठी ग्वाल्हेरला आलो. इथल्या चर्चमध्ये ओळखीचं कुणी नाही. एकदा का त्या पंगतीत बसलो, की आपण इथले झालो, असं वाटायचं.

पण इथले पाळक, म्हणजे पाद्री, म्हणाले, "जवाब तो तोता भी रट लेता है. प्रभु ने दिमाग़ भी दिया है. अगले हफ़्ते सब एक-एक सवाल लाइए. अपना."

उत्तरं माझ्याकडे हवी तेवढी होती, प्रश्न एकही नव्हता.

थाटीपुरात ज्यांच्या मागच्या खोलीत राहतो ते काका पुरोहितांच्या घराण्यातले, बँकेतून रिटायर झालेले. त्यांनाच भीत भीत विचारलं. काका खूश! "अरे, त्यात काय मुश्किल आहे? विचार, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, एक देव तीन कसा? बघ, तुमच्या पाळकांची बोलती बंद होते की नाही!" दुसऱ्याच्या धर्मासाठी एवढी तसदी कोण घेतं? मी त्यांच्या पाया पडलो.

पुढच्या आठवड्यात पाळकांच्या वर्गात माझ्याआधी सिटी सेंटरच्या पॉश वस्तीतले दोन इंजिनीअर होते. पहिल्यानं विचारलं, एक देव तीन कसा? दुसऱ्यानंही तेच, फक्त इंग्रजीतून. पाळकांनी दोघांच्या हाती एकेक जाडजूड पुस्तक ठेवलं. "पढ़कर आइए, फिर देखेंगे."

माझा नंबर आला. आणलेला प्रश्न तर वापरून झाला होता. घाबरून तोंडाला येईल ते बोललो, "साहब, ईश्वर को सब मालूम है ना? तो मेरी माँ रोज़ प्रार्थना में उसे मेरा पता क्यों बताती है? ग्वालियर, थाटीपुर, पीछेवाला कमरा..."

कुणी हसलं नाही, म्हणून जास्तच भीती वाटली.

"सोचना पड़ेगा," पाळक चष्मा पुसत म्हणाले. "आप इतवार को प्रभुभोज में आ जाइए."

आईला लगेच फोन केला.

"पाळकसाहेबांना प्रश्न? तू? शाळेत कधी तोंड उघडलं नाहीस! मग, काय उत्तर दिलं त्यांनी?"

"दिलं नाही. पण रविवारी पंगतीला बोलावलंय."

"म्हणजे बिचारे विचारात पडलेत. थांब, डोळे मीट," म्हणत तिनं फोनवरच पाळकांसाठी प्रार्थना सुरू केली.