चिंध्यांचं इंग्रजी

आमच्या समोरच्या घरात शिवणकाम करणाऱ्या खाला राहतात, त्यांच्यासारखी हट्टी विद्यार्थिनी अख्ख्या इंदिरानगरात दुसरी निघायची नाही. साठी उलटल्यावर बाई इंग्रजी वाचायला शिकल्या, तेही माझ्या नातवाच्या जुन्या टॅबवर, लहान मुलांच्या चित्रांच्या पुस्तकांवरून. शिकवायला मी. आता माझं स्वतःचं इंग्रजी म्हणजे दुकानांच्या पाट्या आणि औषधांच्या बाटल्या वाचून जमवलेलं, पण दोघींना पुरलं.

कारण हसण्यासारखं नव्हतं. त्यांची एकुलती लेक लग्न होऊन कॅनडात गेली, तिथे आजारी पडली आणि तिथेच वारली. मागे एक चिमुरडी नात. जावई भला माणूस, दर रविवारी व्हिडिओ फोन लावून देतो, पण पोरीला इंग्रजीशिवाय काही कळत नाही. "हाय नानी" म्हणायची आणि उठून जायची. मग खाला पडद्यावरच्या रिकाम्या उशीकडे बघत बसायच्या. "असंच चाललं ना ताई, तर ती मला विसरून जाईल," एकदा म्हणाल्या, मशीन न थांबवता.

तर त्या पुस्तकांत प्रत्येक पानाखाली मुलांना काहीतरी करायला सांगितलेलं असतं, हे चित्र काढा, ते कागदाचं बनवा. मुलं ते सोडून पुढे पळतात. खाला नाही. पानावरची वस्तू चिंध्यांतून शिवून झाल्याशिवाय पुढच्या पानाला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम. बदकाच्या पिल्लाला ब्लाउजचं पिवळं अस्तर, पावसाला निळा दोरा. हत्तीचं तर त्यांनी पडद्यावर टेप लावून माप घेतलं होतं. 'नथिंग' शब्द आला तेव्हा मी म्हटलं, हा सोडा, हा कसा शिवणार? संध्याकाळी एक खिसा शिवून घेऊन आल्या. "हात घालून बघा." आत काहीच नव्हतं.

दुसरी खोड याहून भारी. नांदगावला लहानपणी उर्दू शाळेत गेलेल्या, उर्दू पुस्तक उघडतं उजवीकडून. त्यामुळे टॅबवरही आधी शेवटचं पान काढायच्या आणि मागे मागे येत राहायच्या. बदकाचं हरवलेलं पिल्लू आधी आईच्या पंखाखाली निजलेलं, मग पावसात एकटं, मग अंड्यात. मी कितीदा टोकलं असेल. "राहू द्या हो. सापडतं ते आधी कळलं, की हरवल्याचं भ्या नाय वाटत."

मग एका रविवारी सकाळी, तिकडे पोरीची झोपायची वेळ, खालांनी फोनसमोर चिंध्यांचा पसारा मांडला आणि वाचायला घेतलं. शेवटापासूनच. बोट शब्दाखाली. पोरगी उठायच्या बेतात होती, ती आईपाशी निजलेलं पिल्लू बघून थबकली. हे आधी कुठे होतं, तिने इंग्रजीत विचारलं. मी खालांना अर्थ सांगितला. त्यांनी एक पान मागे घेतलं, निळा दोरा हलवला, पाऊस वाचला. "अँड बिफोर दॅट?" आणखी एक पान. पोरगी उशीवर आडवी झाली, पण नजर काढेना. अंड्याचं पान यायच्या आत तिचे डोळे मिटले.

बंद करू का, जावयाने हळूच विचारलं. खालांनी ओठांवर बोट ठेवलं, चष्मा पुसला आणि पडद्याच्या अगदी जवळ सरकून बसल्या. आत त्यांच्या स्वयंपाकघरात कुकर शिट्टीला आला होता. मी उठले आणि गॅस बंद केला.