तासलेलं फ्लायव्हील

बेल्ह्याच्या आमच्या मिस्त्रींना जळक्या क्लचप्लेटची भारी किळस. प्लेट काढली की नाकाशी धरायचे, तोंड वाकडं करायचे आणि विचारायचे, "शी! गाडी हाकली का भाजली रं?" समोर पुढारी असला तरी सवाल तोच.

गाडीपेक्षा ड्रायव्हरलाच जास्त झापणारे असे मेकॅनिक तुम्हीही पाहिले असतील. मिस्त्रींचा खरा राग मात्र एका खुळावर होता. जनावरांच्या बाजारात आधी कोण पोचतो, अशी आम्हा टेम्पोवाल्यांत चुरस. त्यापायी कुणी कुणी इंजिनामागचं फ्लायव्हील लेथवर तासून हलकं करायचे. गाडी चटकन पळते म्हणे!

"त्ये जड चाक उगा ठिवलंय का?" मिस्त्री ओरडायचे. "डिझेल इंजिनाचं धक्कं त्ये गिळतं. हलकं केलं की त्येच धक्कं गिअरबॉक्सला. अन् भरली गाडी उचलंना म्हून तुमी अर्धा क्लच दाबून बसणार. लई शाने!"

मी मान डोलावली आणि पुढच्याच आठवड्यात गुपचूप तासून आणलं.

दोन महिने हवेत होतो. मग बाजारातून परतताना आण्याच्या घाटात गाडी बंद पडली. मागे दोन बैल. परत उचलताना क्लचचा धूर निघाला, गिअरबॉक्स कडाडला आणि टेम्पो मागे सरकू लागला. बैलांच्या मालकाने उडी टाकून चाकाखाली दगड घातला, म्हणून वाचलो.

मिस्त्रींनी खोललं, तर ऑइलमध्ये गिअरचे तुटलेले दात. ते तासलेलं चाक त्यांनी उलटसुलट करून पाहिलं.

"मागं मुकी जनावरं व्हती, राव," एवढंच म्हणाले आणि थुंकले.

माझं घर त्या टेम्पोवर चालायचं आणि जुन्या मॉडेलचं फ्लायव्हील कुठेच मिळेना. चौथ्या दिवशी मिस्त्रींनी एक बसवून दिलं. "भंगारात घावलं. ह्येला लेथ दावलास तर माझ्या दारात येऊ नको."

त्यानंतर ते स्वतःची जीप सोडून बाजाराला कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून यायचे. मी चेष्टाही केली, "मिस्त्री, जीप म्हातारी झाली का?"

"तुज्यापरीस तरणी हाय," म्हणाले.

गेल्या वर्षी मिस्त्री गेले. त्यांच्या मुलीने जीप विकायला काढली, पण ती चालू होईना म्हणून मला बोलावलं. जीपचं आणि माझ्या टेम्पोचं इंजिन एकाच मॉडेलचं. गिअरबॉक्स उतरवला, तर आत फ्लायव्हीलच नव्हतं. बोल्टांची भोकं तेवढी, ग्रीस लावून ठेवलेली.

"काय मोडलंय, दादा?" मुलगी विचारत होती.

मला माझीच शिसारी आली. बाहेर माझा टेम्पो चालूच ठेवला होता. आधी जाऊन तो बंद केला.