स्लॅब बदलला

आदिलाबादेत काळजी करण्याच्या स्पर्धा भरत नाहीत, नाहीतर आमच्या पूर्णिमानं जिल्ह्याला एखादं पदक नक्की आणलं असतं. शाळेत असताना ती खो-खो जिल्हा पातळीपर्यंत खेळली, पण मैदानातसुद्धा तिला समोरच्या संघापेक्षा आपल्या बुटाच्या नाडीची धास्ती जास्त असायची. पुढं एका खाजगी शाळेत खेळाच्या बाई म्हणून कंत्राटावर लागली. कंत्राट संपलं आणि ती अमृतरावांच्या जिममध्ये आली. अमृतरावांच्या जिम तीन, एक आमच्याकडे, एक निर्मलला, एक मंचेरियालला. आमच्याकडची कापसाच्या बियाण्याच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. तिथं सकाळी दहा ते साडेअकरा बायकांची बॅच पूर्णिमा चालवायची.

मी दीपमाला, सरकारी शाळेत गणित शिकवत होते, नुकतीच निवृत्त झाले. डॉक्टरनं गुडघ्यांसाठी व्यायाम सांगितला म्हणून तिच्या बॅचला गेले आणि तिथलीच झाले. आमच्यात तेलुगू बायका निम्म्या, मराठी निम्म्या, म्हणून पूर्णिमा आकडेही वाटून मोजायची. "ओकटी, दोन, मूडू, चार..." असं विषम तेलुगूत आणि सम मराठीत. आधी मला हसू यायचं. मग एक दिवस बाजारात कांदे मोजताना मीही तसंच मोजलं आणि भाजीवाली माझ्याकडे बघत राहिली.

पूर्णिमाचा नवरा आदित्य बेल्लमपल्लीला कोळसा खाणीच्या ऑफिसात, शनिवारी यायचा. घरात खाण्यापिण्याची ददात नव्हती. पण ती बॅच तिची होती. घर सासरचं, आडनाव नवऱ्याचं, जिम अमृतरावांची, तेवढा दीड तास मात्र तिचा. बायका साडीवर बूट घालून, बूट दिसू नयेत म्हणून निऱ्या खाली ओढत यायच्या आणि वर आल्यावर पोरींसारख्या उड्या मारायच्या. हे सगळं कधी ना कधी हातचं जाणार, ही काळजी ती पहिल्या दिवसापासून करत होती. दोन हजार सतराच्या जुलैत ती खरी व्हायची वेळ आली.

जीएसटी आला. जिमसारख्या गोष्टींवरचा कर पंधरा टक्क्यांवरून अठरावर गेला. सहाशे रुपये फीवर तीन टक्के म्हणजे अठरा रुपये, हे मी सहावीच्या पोरालाही शिकवलं असतं. अमृतरावांनी वाढवले शंभर. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "हॉलचं भाडं वाढलं, मशीनचं वाढलं, सगळंच वाढून राह्यलं ना, टीचर." देवाच्या नावावर पुजारी जेवतो तसं सरकारच्या नावावर यांनी ताट वाढून घेतलं. मला राग आला आणि मी तो बोलूनही दाखवला. त्याचा काही उपयोग झाला नाही.

वर त्यांनी पूर्णिमाला एक अट घातली. महिनाअखेर बॅचमध्ये पंचवीस बायका राहिल्या तर ठीक, नाहीतर सकाळची वेळ पोलीस भरतीच्या पोरांना. पोरं दुप्पट फी द्यायला तयार होती. आणि आणखी एक सूचना दिली. "बायकाईले सांगताना टॅक्स म्हणू नको. टॅक्स म्हटलं का लोक बिचकतात. स्लॅब बदलला म्हण. चांगलं वाटते."

आज्ञाधारकपणात पूर्णिमाचा हात धरणारं कोणी नाही. तिनं बॅचच्या ग्रुपवर आवाजातला निरोप पाठवला, आणि तोही घाबरत, अडखळत. "नमस्कार. आपल्या जिमचा स्लॅब बदलला आहे. पंधराचा होता, अठराचा झाला. म्हणून एक तारखेपासून फी शंभर रुपये जास्त लागेल. माफ करा."

मी पेपर वाचते, मला कळलं. ज्यांना कळलं नाही त्यांनी विचारलं नाही, आणि आम्हा दोघींना हे ठाऊक नव्हतं.

पहिल्या आठवड्यात सहा बायका गळल्या, दुसऱ्यात आणखी दहा. चाळीस जणींच्या बॅचमध्ये पूर्णिमा हजेरी मोजायला लागली की आकडा लवकर संपायचा. व्यायामाचे आकडेही ती चुकू लागली. एकदा "मूडू" नंतर थांबलीच, आणि आम्ही सगळ्या एक पाय वर करून उभ्या राहिलो. माझ्या गुडघ्यांनी तेव्हा तिला जे म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही.

"फी जास्त झाली त्याईले," ती जिन्यात मला म्हणाली. "मी आपल्या पगारातून कमी करून घेऊ का?"

"चाळीस जणींचे शंभर तुह्या पगारातून? मंग तूच त्याईले पैसे देऊन व्यायाम शिकवशील."

ती हसली नाही. तिचा चेहरा अगदी उतरला होता. खाणं कमी झालं होतं, झोप उडाली होती, आणि आदित्यनं शनिवारी काही विचारलं की म्हणायची, काही नाही. मला खरंच तिच्याबद्दल भीती वाटू लागली होती.

शेवटी ती घरोघर जायला निघाली. एकटीला धीर होत नव्हता म्हणून मला सोबत घेतलं. प्रत्येक घरी चहा झाला. प्रत्येक घरी ती खाली मान घालून तेच म्हणाली, "ताई, स्लॅबचं माह्या हातात काहीच नाही. ते वरूनच आलं." आणि प्रत्येक घरी समोरची बाई वर बघायची, घाबऱ्या डोळ्यांनी मान हलवायची आणि म्हणायची, "खरं हाय बाई. अगोदर काम होऊ द्या. काम झालं का येतो."

"कोणतं काम?" मी बाहेर आल्यावर विचारलं.

"निंदणीचं असंल. कापसाची पऱ्हाटी वर आली ना."

गावाकडची शेती असलेल्या चार घरांत ते पटलं. पण पाचवं घर बँकेतल्या माणसाचं होतं, आणि त्याच्या बायकोनं जन्मात विळा धरला नसेल. तिचंही तेच, काम झालं का येतो. तेव्हा मला जरा शंका आली. पण मी गणिताची बाई, उत्तर येत नसलं की गृहीतच चुकलंय असं म्हणायला मला फार वेळ लागतो.

सगळ्यात जास्त जीव अडकला होता तो भाग्यलक्ष्मीत. ती पस्तिशीची, दुसऱ्या बाळंतपणात शुगर निघाली आणि मग गेलीच नाही. डोळ्यांपुढं अंधारी यायची. बॅचला आल्यापासून तीनदा तपासली, तीनदा कमी निघाली होती. डॉक्टरनं तिला सांगून ठेवलं होतं की हे सोडलं तर सुईवर जावं लागेल. तिचा नवरा राजकुमार मोटरसायकलचे सुटे भाग विकायचा. सासू देवकाबाई. त्यांच्या दाराशी पूर्णिमानं मला पुढं केलं.

देवकाबाईनं पाणी दिलं, चहा दिला आणि मग पदर खोचून समोर बसली. ती गोड बोलणाऱ्यातली नव्हती, म्हणून आमचं भलं झालं.

"म्याडम, राग नोका मानू. तुमची सोताची पोरगी असती, तर पाठवली असती काय खचल्या स्लॅबखाली?"

पूर्णिमाला काही कळेना. मलाही. देवकाबाई सांगत गेली. स्लॅबचं तर म्याडमनं सोताच सांगितलं. मंग कोणी म्हणालं, बदलून राह्यले. कोणी म्हणालं, वजनं आपटून आपटून तडा गेला. कोणी म्हणालं, वरून रंग मारला, आतून पोकळ आहे. "आणि तुमी घरी येऊन सांगता, वरूनच आलं. कोणाच्या डोक्यावर आलं, ते तरी सांगा."

मला हसू आवरेना. पण पूर्णिमा रडायला लागली. आधी मला वाटलं दुःखानं, पण नाही, सुटल्यासारखी रडत होती. डोळे पुसत तिनं सगळं समजावलं. छत धडधाकट आहे. हा करातला स्लॅब, टक्क्यांचा. पडण्याचं काहीच नाही. फक्त शंभर रुपये जास्त.

देवकाबाईचा चेहरा आधी मोकळा झाला आणि मग, "फक्त शंभर" ऐकल्यावर, पहिल्यापेक्षा जास्त मिटला.

"असं व्हय," ती म्हणाली. "हे तर अजून वाईट झालं."

"काऊन?"

"स्लॅब पडून राह्यला म्हटलं तर माहं पोरगं थांबलं असतं. दुरुस्त झाला का पाठवली असती. कसरतीले शंभर जास्त म्हटलं तर तो काय म्हणते, मले माईत आहे. म्हणंल, घरी दोन खोल्या जास्त झाड, शुगर उतरते."

ती खोटं बोलत नव्हती. ज्या घरात सुनेच्या सहाशे रुपयांसाठीच सहा महिने झगडा झाला, तिथं सातशे कोण देणार? पूर्णिमाच्या चेहऱ्यावरचा तो सुटकेचा भाव पुसला गेला आणि जुनी काळजी परत येऊन बसली. बाहेर उटनूरची बस गेली, भांडी खणखणली.

दाराशी उभी असलेली भाग्यलक्ष्मी बोलली.

"म्याडम, मंग स्लॅबच सांगा ना."

पूर्णिमानं वर पाहिलं.

"त्याईले छताचे पैसे समजतात," भाग्यलक्ष्मी म्हणाली. "स्लॅब बदलला म्हणून शंभर वाढले. तुमी आधी बोलल्या तसंच बोला. एक शबुद बदलू नका."

देवकाबाईनं डोळे मिटून घेतले. "मले काई ऐकू आलं नाही," ती म्हणाली, आणि पदरानं वारा घेऊ लागली.

रस्त्यानं येताना पूर्णिमानं मला किमान दहा वेळा विचारलं, हे खोटं होते का? मी म्हटलं, तुझ्या वाक्यात एकही शब्द खोटा नाही, मी तपासला आहे. तिनं पुन्हा विचारलं. मग माझंही पित्त खवळलं आणि मी म्हटलं, अमृतरावांनी अठराचे शंभर केले तेव्हा त्यांना झोप आली की नाही, ते विचारून ये आधी. तिनं विचारणं थांबवलं, पण तिला पटलं नव्हतं.

पुढचं भाग्यलक्ष्मीनंच केलं. तिनं घरोघर फोन फिरवले. स्लॅब झाला, पक्का झाला, बायका येऊन राह्यल्या. खरं काय ते बायकांना सांगितलं, घरच्यांना काय सांगायचं ते जिचं तिनं. चार दिवसांत निम्म्या परतल्या. पूर्णिमाची काळजी मात्र दुप्पट झाली. आधी बॅच जाईल ही एकच होती, आता कोणी नवरा जिना चढून वर येईल आणि छत बघेल, हीही आली. बायकांच्या वेळेत पुरुषांना वर बंदी होती, एवढाच काय तो आधार.

महिन्याचा शेवटचा दिवस. अमृतराव संध्याकाळी रजिस्टरातली नावं मोजायला येणार होते. पंचवीस भरल्या होत्या, पण राजकुमारनं अजून होकार दिला नव्हता. दहा वाजता आम्ही खाली बियाण्याच्या दुकानापाशी उभ्या होतो, तर त्याची मोटरसायकल आली, मागं भाग्यलक्ष्मी. तो उतरला आणि सरळ पूर्णिमासमोर आला. मागच्या उन्हाळ्यात त्यानं स्वतःच्या घराचा स्लॅब टाकला होता आणि तेव्हापासून गावातल्या प्रत्येक बांधकामावर त्याचं मत असायचं.

"नमस्ते म्याडम. स्लॅब बदलला म्हणतात."

"बदलला," पूर्णिमा म्हणाली.

"कितीचा होता?"

"पंधराचा."

"आता?"

"अठराचा."

तो बोटांवर काहीतरी हिशोब करत राहिला. सेंटिमीटरचे इंच करत होता हे माझ्या लक्षात आलं, आणि मी बियाण्याच्या पाकिटांवरची जाहिरात फार मन लावून वाचू लागले.

"म्हणजे सात इंची झाला," तो म्हणाला. "माह्या घराचा पाच आहे. मस्त काम केलं. अमृतराव दिसतात चिंगूस, पण मनानं चांगला माणूस आहे."

पूर्णिमाचे ओठ हलले. ती खरं सांगणार आहे, हे मला दिसलं. आपल्या खो-खोच्या पोरीला खरं बोलायची सवय, ती कुठे जाणार? "नाही, म्हणजे तो स्लॅब..." तिनं सुरुवात केली. मागून भाग्यलक्ष्मी तिच्याकडे टक लावून बघत होती. तिच्या एका हातात बुटांची पिशवी होती.

राजकुमारनं खिशातून नोटा काढल्या, सहाशे वेगळे आणि वरची शंभराची वेगळी, आणि त्या पूर्णिमाच्या हातात ठेवल्या.

"नाही-बिही काई नोका म्हणू. घरी माय पण म्हणे, शंभर कायले. मी म्हटलं, अवो, बायकोच्या जिवाचा प्रश्न आहे." तो तिच्याकडे पाहून अगदी मनापासून म्हणाला, "तिच्या जिवापेक्षा शंभर रुपये मोठे आहेत काय, म्याडम?"

पूर्णिमा त्या वेगळ्या ठेवलेल्या नोटेकडे बघत राहिली.

"नाही," ती म्हणाली.