बिराजदार सरांचा सतरावा पॅच

आपलं काम नाकारलं गेलं की बिराजदार सर सगळ्या स्टाफला चहा सांगत. सोलापुरातल्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मी रुजू झालो, त्याच दिवशी चहा आला. मला वाटलं, माझं स्वागत!

"न्हाय हो," सर म्हणाले. "परदेशातल्या एका गड्यानं माझ्या कोडात अकरा चुका काढल्यात. हितं एवढं कोण वाचतंय?"

सर मूळचे अक्कलकोटचे. रागवायचे कन्नडात, शिकवायचे मराठीत. मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या रानात मातीची ओल मोजणारे छोटे रेडिओ एकमेकांना निरोप देतात. त्या निरोपांना वाट काढून द्यायची सोय, म्हणजे रूटिंग, सरांना ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातच, म्हणजे कर्नलमध्ये, बसवायची होती. हा कर्नल जगभरची माणसं मिळून सांभाळतात. पाठवलेला बदल, म्हणजे पॅच, त्यांना पटला तरच आत जातो. सरांचा सात वर्षं पटत नव्हता.

आमच्या विद्वान प्राचार्यांच्या लेखी सर म्हणजे प्रोजेक्टर दुरुस्त करणारा माणूस. 'रूटिंग म्हणजे काय करता हो?' असं त्यांनी एकदा विचारलंच.

"आपल्या हापिसातली फाइल आठवा," सर म्हणाले. "क्लार्क म्हणतो सायबाकडं, सायेब म्हणतो क्लार्ककडं. मी निरोपाचं तसं हू देत न्हाय."

प्राचार्य खूश. त्या वर्षीच्या अहवालात सरांच्या नावापुढे 'फाइल व्यवस्थापनात सुधारणा' असं छापून आलं.

चाचणीचं थोर कार्य माझ्याकडे. टेबलावर पाच जुने कॉम्प्युटर, प्रत्येकाला एक रेडिओ. सर निरोप सोडत, मी मधलाच एखादा कॉम्प्युटर बंद करी. निरोप दुसऱ्या वाटेने गेला की सर ओरडत, "पोचला की!" एम.टेक. होऊन मी बटणं बंद करतो, असं मी स्टाफरूममध्ये सांगत असे. सगळे हसत. सरही हसत आणि पुढच्या पॅचखाली 'तपासणारा' म्हणून माझं नाव घालत.

सतरावा पॅच निवृत्तीच्या महिन्यात आत गेला. त्या दिवशी चहा नाही.

"आत घेत्यात वो," सर म्हणाले. "पण सांभाळणाऱ्यानं पत्रांना उत्तर द्यायला लागतं. न्हाय दिलं की काढून टाकत्यात. माझ्यामागं कोण?"

मला प्रमोशनचे कागद भरायचे होते.

निरोप समारंभात प्राचार्यांनी सरांच्या प्रोजेक्टरसेवेचा गौरव केला. पुढच्याच उन्हाळ्यात कुंभारीच्या घरी सर गेले. झोपेतच.

चार महिन्यांनी मला ईमेल आला. सांभाळणारे उत्तर देत नाहीत, तपासणारे म्हणून तुम्हाला विचारतो, हा भाग काढून टाकायचा का? मी लॅबमध्ये जाऊन बसलो. सरांची फार आठवण आली आणि स्वतःची मनापासून लाज वाटली. 'काढू नका, मी सांभाळतो' असं लिहून मी नाव दिलं. महिनाभर डोकं आपटून त्यातली एक दुरुस्ती पाठवली.

ती परवा परत आली. मी कँटीनमध्ये जाऊन सगळ्या स्टाफला चहा सांगितला.

"सर, वाढदिवस का?" नव्याने रुजू झालेल्या मॅडमनी विचारलं.

"नाही हो," मी म्हणालो. "नऊ चुका काढल्यात."