दोनाचे चार, तीनच्या ठेक्यात

सदर इसम, वय सत्तेचाळीस, उंची मध्यम, बांधा उपलब्ध जागेनुसार. व्यवसाय : दिवसा टायरच्या दुकानात चाकांचे बॅलन्सिंग करणे, संध्याकाळी त्याच दुकानाच्या माडीवरील नृत्यशाळेत ड्रम वाजवणे. ओळखीची खूण : उजवा पाय स्वस्थ राहत नाही. टोपणनाव 'ठेका', ते चुकीने पडल्याचा पुरावा नाही, कारण सदर इसमाचा ठेका हुकल्याची एकही तक्रार अद्याप प्राप्त झालेली नाही. अविवाहित. त्याबाबत सदर इसमाची काही हरकत असल्याचे दिसून येत नाही.

हरकत होती. ती पियानो वाजवायची.

तिला सगळे 'बाई' म्हणत. तिचा थोरला भाऊ क्लॅरिनेट वाजवायचा आणि बँड त्याचा, म्हणून तो 'मास्तर'. चौथा शिडी. शिडी कॉन्ट्राबास, म्हणजे माणसाएवढं उभं तंतुवाद्य, वाजवायचा, आणि लांबून बघणाऱ्याला दोघांतलं वाद्य कुठलं ते चटकन कळत नसे. समोरच्या लाकडी फरशीवर उतारवयातली जोडपी नाचायची. खालून रबराचा वास यायचा, एका भिंतीला आरसे होते, त्यामुळे नाचता न येणारी माणसं दुप्पट दिसत.

या चौघांना एक खोड जडली होती. आकडा ऐकला की त्यांना म्हण आठवायची आणि म्हण ऐकली की आकडा. त्यामुळे कुठलाही ठेका ते सरळ नावाने घेत नसत. तीन मात्रांचा वॉल्ट्झ म्हणजे 'तिघाडा'. चारचा 'चारचौघं', कारण त्यात वाजवताना अब्रू जात नाही. पाचचा ठेका म्हणजे 'धारण'. सातला ते साडेसाती म्हणत. उरलेली अर्धी मात्रा कुठे जाते असं कुणी विचारलं तर मास्तर शिडीकडे बघत. आणि दोनच्या ठेक्यावरून चारच्या ठेक्यावर जायचं असलं की मास्तर मान वळवून म्हणत, "दोनाचे चार."

इथवर ठीक होतं. पण वाजवताना यातला शब्द कुणाच्याही तोंडून निघाला की तो हुकूम समजायचा, असाही दंडक पडून गेला होता. एकदा वर्ग ऐन रंगात असताना दिवे गेले आणि मास्तर अंधारात ओरडले, "वाजले तीनतेरा!" दिवे येईपर्यंत बाकीचे तिघे इमानदारीत तेरा मात्रांत वाजवत होते.

अशा मंडळींत बसून बाईला मागणी घालायची होती. ठेक्याने हे काम बरीच वर्षं पुढे ढकललं होतं, पण आता ढकलायला जागा उरली नव्हती. बाईला एका प्रवासी जहाजावर, जेवणाच्या दालनात पियानो वाजवण्याचं काम चालून आलं होतं. शनिवारचा वर्ग संपला की ती होकार कळवणार होती.

शनिवारी ठेक्याची थोरली बहीण, ताई, त्याचा शर्ट इस्त्री करत होती.

"विचारलंस तिला?"

"विचारतो."

"कधी? जहाज बुडल्यावर?"

"शब्द सापडत नाहीत, ताई."

"अरे, जगात सगळे विचारतात तसं विचार. दोनाचे चार करू या म्हणावं. याहून सोपी भाषा आहे का?"

"आमच्याकडे त्याचा अर्थ वेगळा होतो."

"अर्थ एकच असतो," कॉलरवर इस्त्री दाबत ताई म्हणाली. "तुमच्याकडची माणसं वेगळी आहेत."

ठेक्याचा आणखी एक घोळ होता. हात रिकामे असले की त्याच्या तोंडून शब्द फुटत नसे. चाक मशीनवर गरगरत असताना तो गिऱ्हाइकाला मुलाचं शिक्षण कुठवर आलं हेही विचारी. चाक थांबलं की बिल किती झालं तेसुद्धा हाताने दाखवी. तेव्हा विचारायचं तर वाजवतानाच, हे ओघाने आलं.

मास्तरांनी वॉल्ट्झ सुरू केला. फरशीवर निवृत्त न्यायाधीश, त्यांच्या सौ., एक दंतवैद्य आणि त्याची सासू, अशी बरीच मातब्बर मंडळी गिरक्या घेत होती. ठेक्याने दोन्ही हात कामाला लावले, घसा खाकरला आणि पियानोकडे झुकून म्हणाला, "बाई, दोनाचे चार करू या का?"

बाईने पट्ट्यांवरची नजर काढली नाही. "कुठून?"

"इथूनच."

"इथून कसे होतील? हे तीनमध्ये आहे."

"ते खरं. पण मी म्हणतो, आपण दोघं..."

"आपण दोघंच? मग दादा नि शिडी काय वाजवणार?"

"काय चाललंय?" क्लॅरिनेट तोंडातून काढून मास्तर म्हणाले. "तीन तिघाडा, काम बिघाडा!"

"याचा चेहरा बघा, मास्तर," शिडी वरून म्हणाला. "पाचावर धारण बसलीय!"

हुकूम सुटला. चौघांनीही, ठेक्यासकट, पाच मात्रा धरल्या. फरशीवर तीन पावलं टाकून झाल्यावर प्रत्येक जोडप्याच्या हाती दोन मात्रा उरू लागल्या, आणि त्यांचं काय करायचं हे कुणी शिकवलेलं नव्हतं. न्यायाधीशांनी त्या सौ.च्या पायावर खर्ची घातल्या. दंतवैद्य सासूला घेऊन आरशापर्यंत गेला, तिथल्या स्वतःला "माफ करा" म्हणाला आणि परतताना चुकून दुसऱ्याचीच सासू घेऊन आला. मग कुणीतरी कुणालातरी अडखळलं, त्यांना बाकीचे अडखळले, आणि सगळा वर्ग फरशीवर बसला. सगळे एकदम बसले. त्या संध्याकाळी तेवढीच गोष्ट तालात झाली.

बाईने पियानोवरचे हात उचलले.

"ड्रमवाले, नक्की काय म्हणत होता तुम्ही?"

ठेक्याचे हात रिकामे होते. त्याने काठी उचलली आणि लहान ड्रमवर एकेक ठोका देत, एकेक तुकडा बाहेर काढला : "ज-हा-जा-वर-जा-ऊ-न-का."

बाईचे ओठ हलत होते. ती मोजत होती.

"आठ," ती म्हणाली.

"आठ," ठेका म्हणाला.

"म्हणजे चार दोनदा." तिचे कान लाल झाले. "अहो, मग दोनाचे चार दोनच्या ठेक्यात तरी विचारायचे! तिघाड्यात कोण विचारतं?"

"कुणी कुणाला काय विचारलं?" मास्तर म्हणाले.

"दादा, तू क्लॅरिनेट पूस," बाई म्हणाली. "आणि एखादं चारचौघं काढ. मंडळी फरशीवर बसलीत."

सबब, सदर इसमाच्या वैवाहिक स्थितीच्या रकान्यात 'अविवाहित' या शब्दातील पहिले अक्षर खोडण्यात आलेले असून त्याबाबत उभय पक्षांची, तसेच मास्तरांची, कोणतीही हरकत नाही. जहाजाची जागा रिक्त न ठेवता त्यावर याच बँडमधील अनुभवी कलावंताची रीतसर नेमणूक झालेली आहे.

शिडी गेला. त्याला पियानो येत नाही.