तिसऱ्यांदा विचारेपर्यंत

शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर डिंफ्नाबाईंनी आयर्लंडमधल्या कॅरिगबान गावच्या बंद पडलेल्या मासळीच्या गोदामात परदेशी पोरांसाठी शाळा काढली, तेव्हा सगळा गाव हसला. "आपली पोरं बॉस्टनला पळतात आणि ही बाई जर्मनांना आयरिश गाणी-नाच शिकवणार!" सरकारची मदत नाही की कुणाचा आधार नाही. बाकं चर्चनं टाकून दिलेली, आणि फळा म्हणजे बाईंच्या परसाचा दरवाजा.

हसला नाही तो एकटा फेस्टी कनीली. आईकडून घेतलेली साठ गाणी त्याच्या पोटात होती आणि मुलगा बॉस्टनमध्ये ट्रक चालवत होता. गाणी आपल्याबरोबर मातीत जाणार, हाच त्याला घोर. शाळा निघाली तसा तो रोज दाढी करून बसू लागला. बोलावणं येणारच!

आलं. हायका नावाची जर्मन पोरगी सायकलवरून दारात उतरली. "बाईंनी विचारलंय, गाणी शिकवाल का?"

"छे, छे! माझा घसा कधीच गेला."

आता पहिल्या बोलावण्याला हो म्हणायला तो काय हपापलेला होता? गावात चहासुद्धा तिसऱ्या आग्रहाला घेतात.

"बरं. त्रास दिला, माफ करा," म्हणून पोरगी सायकलवर बसून गेलीसुद्धा!

फेस्टी दारात उभाच. आतून बायको नॅन म्हणाली, "उरलेला एक नकार आता शेळीला ऐकव."

चार दिवस कुणी फिरकलं नाही. पाचव्या दिवशी त्यानं जळणाचं पोतं पाठीवर मारलं आणि शाळा गाठली. जळण कुणी मागितलं नव्हतं. आत टेपवर कुणीतरी गात होतं, तेही घाईघाईत. बाईंनी पोतं पाहिलं, गुळगुळीत दाढी पाहिली आणि टेप बंद केला.

"फेस्टी, गातोस का रे?"

"मी कसला गातोय, बाई!"

हायका कुजबुजली, "घरीही नाहीच म्हणाले होते."

"म्हणजे दोन झाले. आता तू विचार."

तिनं घाबरत विचारलं. फेस्टीनं डोळे मिटले, गाताना धरायची रीत होती तसा तिचाच हात धरला आणि आईच्या बोटीच्या गाण्याची अकरा कडवी म्हटली.

पुढं बावीस उन्हाळे त्यानं शिकवलं. मग घसा खरंच गेला. त्या वर्षी केस पिकू लागलेली हायका भेटायला आली.

"आईचं ते बोटीचं गाणं म्हण बघू," फेस्टी घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"मला कुठलं येतंय! घसाही बसलाय."

फेस्टीचा चेहरा फुलला. त्यानं खुर्ची पुढं ओढली आणि नॅनला हाक मारली, "ये गं लवकर, एक झाला!"