पुष्पाताईंचा हात

पुष्पाताई पदर खोचायला लागल्या की समोरच्याने मागे सरकावे, हे आमच्या नवघरच्या इमारतीत नव्या बिऱ्हाडालाही आठवड्याभरात कळायचे. मला पहिल्याच दिवशी कळले. आम्ही गिरगाव सोडून राहायला आलो, सामान अजून टेम्पोत होते, आणि फाटकाशी एक पन्नाशीची, रुंद हाडाची बाई टँकरवाल्याला कॉलर धरून खाली ओढत होती. आमचे पाणी तो शेजारच्या इमारतीला द्यायला निघाला होता. दोन थोबाडीत बसल्यावर त्याने पाइप मुकाट आमच्या टाकीत सोडला. मग पुष्पाताई त्याला म्हणाल्या, "हां, आता बोल. काय बोलत व्हतास?"

"अहो, आधी विचारायचं ना," मी म्हणाले.

"आदी हानायचं, मंग ईचारायचं. आदी ईचारलं तं समोरचा खोटं बोलतो."

त्या जवळच्याच मुर्धे गावच्या आगरी, मिठागरात राबलेल्या घरातल्या. सासरच्या जमिनीवर आमची इमारत उभी राहिली आणि बदल्यात त्यांना तळमजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. नवरा लवकर गेला, तरी हातातल्या काचेच्या बांगड्या त्यांनी काढल्या नाहीत. एकुलत्या एका मुलाला, किशोरला, त्यांनी ज्या हाताने भरवले त्याच हाताने बडवले. त्याच्या लग्नानंतरही एकदा बायकोदेखत रबरी पाइपाने मारले. तो बायकोला घेऊन पनवेलला गेला, तो परत आला नाही. "हात चलतो माजा, तोंड न्हाय चलत," एवढेच त्या त्याबद्दल बोलत.

मी महिला मंडळाची सेक्रेटरी. नियम मी करायचे, अंमलबजावणी पुष्पाताईंची. जिन्यात चपला ठेवू नयेत अशी पाटी मी लावली. चपला त्यांनी गटारात टाकल्या.

दुसऱ्या मजल्यावर सावंत राहत. विलास सावंत अंधेरीला नोकरीला, बोलायला गोड, गणपतीत सगळ्यांत पुढे. सुनीता, त्याची बायको, मान खाली घालून जिना चढणारी. त्यांच्या घरात काय चालते ते भिंतींमधून सगळ्यांना ऐकू यायचे. मी दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा सुनीताने उठून चहा ठेवला.

दोन हजार सालानंतर नाशिककडे द्राक्षमळे फिरवून दाखवण्याची टूम निघाली होती. एका फेब्रुवारीत मी इमारतीतल्या आठ-दहा घरांची सहल ठरवली. मिनीबस, डबे, पाणी, औषधे, टोप्या, सगळे वाटून दिले. पुष्पाताईंनी भाकरी आणि सुकटीची चटणी आणली. गाडीभर वास. खिडक्या तेवढ्या उघडल्या गेल्या.

मळ्यात एक टोपीवाला गाईड आम्हाला ओळींमधून चालवत होता. दोन्ही बाजूंना लोखंडी अँगल, त्यांवर तारा, तारांवर वेल आणि खाली काळे घोस. "वर्षातून दोनदा छाटतो," तो म्हणाला. "नाही छाटलं तर नुसता पाला माजतो. फळ धरत नाही."

"ऐकलंस ना?" विलास सुनीताला म्हणाला. "माजू द्यायचं नाही." पुरुष मंडळी हसली. पुष्पाताईंनी मान वळवून त्याच्याकडे पाहिले आणि पुढे चालू लागल्या.

ओळीच्या टोकाला मांडवाखाली छोट्या पेल्यांतून वाइन ठेवली होती. गाईड म्हणाला, "आधी वास घ्या, मग जिभेवर फिरवा. नको असेल तर या बादलीत थुंका."

"थुकायचं? बाटलीतलं पयलं देवीचं असतं, तुला म्हायत न्हाय काय रे?" पुष्पाताईंनी पेल्यात बोटे बुडवली आणि जवळच्या वेलाच्या बुंध्याशी चार थेंब शिंपडले. "एकवीरा आय, तुजं तुला." आगऱ्यांच्या घरात ही रीत असते, देवीला दिल्याशिवाय कुणी तोंडाला लावत नाही. मग त्यांनी तोच पेला सुनीतासमोर धरला. "घे गो बाय. परसाद हाय. परसादाला न्हाय म्हनू नये."

सुनीताने आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. तिने पेला कपाळाला लावला आणि एक घोट घेतला. विलास बघत उभा होता. हसतच होता.

आम्ही पुन्हा मळ्यात शिरलो. गाईड ठिबकच्या नळ्या दाखवत असताना पलीकडच्या ओळीतून आवाज आला. पानांतून दिसले: विलासने सुनीताचे केस मुठीत धरले होते आणि तिचे तोंड तारेवर दाबत होता. "दारू पितेस? चारचौघांत?"

पुष्पाताई ओळीला वळसा घालून गेल्याच नाहीत. तारांखालून वाकून, वेल फाडत, सरळ पलीकडे घुसल्या. घोस मातीत पडले. "मॅडम, वेल तुटतोय!" गाईड ओरडला. पहिला ठोसा विलासच्या कानावर बसला. तो भेलकांडला, लोखंडी अँगलवर कपाळ आपटून पडला. रक्त भुवईतून शर्टावर आले. पुष्पाताई थांबल्या नाहीत. त्यांनी वेलाच्या आधाराचा बांबू उपसला आणि पडलेल्या माणसाला मारत सुटल्या. "देवीचं व्हतं ते! मी दिलं व्हतं! मना मार ना, मना!" मी एक हात धरला, आणखी दोघींनी कंबर धरली, तरी बांबू चालूच होता. पुष्पाताईंचे डोळे मी तेव्हा जवळून पाहिले. ते ओळखीचे नव्हते.

मध्ये सुनीता आली. ओठ फाटलेला, केस सुटलेले. तिने पुष्पाताईंच्या थोबाडीत मारली. "मारून टाकाल त्यांना! सोडा!"

बांबू पडला. पुष्पाताईंनी धापा टाकत गालाला हात लावला. "हात हाय की गो तुला! मंग घरान कशाला वापरत न्हाय?"

विलास आम्हाला पोलीस चौकीत घेऊन गेलाच. कपाळाला रुमाल दाबून म्हणाला, "या बाईने मला ठार मारायचा प्रयत्न केला. हिला आत टाका. माझ्या बायकोने पाहिलंय."

हवालदाराने सुनीताला विचारले.  तिच्या एका शब्दावर पुष्पाताई आत जाणार होत्या, आणि ती मात्र विलासबरोबर घरी.

"ठिबकच्या नळीत पाय अडकून पडले ते," ती म्हणाली.

"आणि तुमचा ओठ?"

"मीपण पडले."

"दोघं एकदम?"

"मी नेहमीच पडते, साहेब. हे आज पहिल्यांदा पडले."

हवालदाराने पेन खाली ठेवले. "सावंत, हे असंच लिहून घेऊ का?"

विलासने नकारार्थी मान हलवली आणि तक्रार न लिहिताच तो बाहेर गेला.

परत येताना तो ड्रायव्हरशेजारी बसला. नवघरला विलाससकट बाकी सगळे उतरले. सुनीता उतरली नाही, म्हणून पुष्पाताईही उतरल्या नाहीत. पुष्पाताईंनी ड्रायव्हरला सांगितले, "मुर्ध्याला घे." तिथे त्यांच्या आईचे घर रिकामे होते. दोघी तिथेच राहिल्या. सुनीताला भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॅकिंगचे काम मिळाले. विलास एकदा मुर्ध्याला जाऊन आला. त्यानंतर गेला नाही.

पुष्पाताई आज नाहीत. झोपेतच गेल्या, कुणाशी न भांडता. त्याआधी काही महिने मी मुर्ध्याला गेले होते, तेव्हाची भेट मला आठवते. त्या ओट्यावर मासे साफ करत बसल्या होत्या.

"सेक्रेटरीबाई, परवा काय झालं म्हायत हाय?" त्या म्हणाल्या. "बोंबील वालत घातले व्हते, ती राखायची ईसरली. कावल्यांनी नेले. मी उचलला हात."

"सुनीतावर?"

"हां, मंग. सवय हाय ना. तिनं वरच्या वर धरला. बोलली, 'पुष्पाताई, तुमच्यापण हातचा मार खाणार नाही.' मी बोल्लू, सोड. सोडते कशाला! बोलते, 'आधी कबूल करा.'"

"मग?"

"मंग काय. केलं कबूल." त्यांनी कोयती बाजूला ठेवली आणि मनगट माझ्यापुढे धरले. त्यावर काचेचा ताजा ओरखडा होता. "अशी धरली का माजी बांगडी पिचली. बघा. चांगला जोर हाय पोरीच्या हातान."